धरलेली जागा

माझी सासू चर्चमध्ये ज्या बाकावर बसते तो बाक हलतो. नुसता हलत नाही, कुरकुरतो, आणि तेही नेमका पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली की. बाकीचे सगळे बाक शहाण्यासारखे उभे असतात. हा एकच वात्रट, मागून तिसरा, भिंतीकडचा. त्याच्या एका पायाला तार गुंडाळलेली आहे आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. ती घडी दबली की सासूबाई घरून नवी नेतात. पुठ्ठा माझ्या शिलाईच्या दुकानातला, शर्टांच्या खोक्याचा. मी कधी "कुठे गेला?" म्हणून विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

कुणी म्हटलं, "अहो, पुढे या ना, पंख्याखाली बसा," तर त्या म्हणतात, "बरी आहे मी इथे." कुणी म्हटलं, "सुतार आणून तो पाय एकदाचा नीट करून घेऊ," तर म्हणतात, "ज्यानं केलाय तोच करेल नीट."

ज्यानं केलाय तो म्हणजे माझे सासरे, आमचे बाबा. चर्चमधला प्रत्येक बाक त्यांच्या हातचा आहे, लाकूड निवडण्यापासून पॉलिशपर्यंत. आणि त्याच चर्चमध्ये ते वीसेक वर्षं फिरकले नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीची ही गोष्ट, पण मी ती इतक्यांदा ऐकली आहे की त्या दिवशी मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. चर्चच्या कमिटीत तेव्हा एक पंच होते, अंगानं चांगले भारदस्त. उपासनेच्या आधी छताचा दिवा गेला. पंच म्हणाले, मी बघतो, आणि याच बाकावर चढले. अहो, बाक बसायला असतो, चढायला नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं! मोडला पाय. बाकाचा, पंचांचा नाही. पंच धपकन खाली आले, लोक फिदीफिदी हसले, आणि स्वतःची लाज झाकायला ते भर मंडळीत ओरडले, "हे लाकूड आहे का पुठ्ठा?"

बाबांनी हातातलं गीतांचं पुस्तक तिथेच ठेवलं आणि सरळ घरी आले. म्हणाले, "तो माणूस माफी मागेपर्यंत मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही." पंचांनी काही माफी मागितली नाही. पुढे एक दिवस ते वारले. आता आली का पंचाईत! माफी मागणारा प्रभूच्या घरी पोचला आणि हे इथे वाट बघत बसलेत. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बाबा, आता माफी हवी तर तुम्हालाच वर जावं लागेल." ते म्हणाले, "मला घाई नाही."

माणूस वाईट नाही हो. बाहेर कुणाशी भांडण नाही, देवाशी तर नाहीच. जेवायच्या आधी डोळे मिटतात, आजारी शेजाऱ्याची खाट फुकट दुरुस्त करून देतात. फक्त हट्टी. एकदा खिळा ठोकला की तो उपटायचा कसा, हे या सुताराला कुणी शिकवलंच नाही.

पण सासूबाई काय कमी आहेत! दर रविवारी सकाळी बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री करून त्या दाराच्या कडीला अडकवतात. आवरून झालं की उंबऱ्यातून विचारतात, "अहो, येताय का?"

"नाही."

"बरं."

एवढंच. ना रुसवा, ना टोमणा. चर्चला जाऊन त्या आपल्या हलत्या बाकावर बसतात आणि शेजारच्या जागेवर आपली काळी पिशवी ठेवतात. ती बाबांची जागा. परत आल्या की शर्ट कडीवरून काढून कपाटात ठेवतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्री. अंगात एकदाही न घालता तो शर्ट इस्त्रीनंच विरला. मला दुसरा शिवावा लागला. तोही विरला, आत्ताचा तिसरा. माप घ्यायला गेले की बाबा म्हणतात, "कशाला? मी थोडाच घालणार आहे!" म्हणून मी आपली जुन्या शर्टावर नवा बेतते. कधीही न घातला जाणारा शर्ट शिवायचा, त्याला काजं करायची, बटणं लावायची! माझ्या डोक्याची शीर उठायची.

एकदा मला राहवलं नाही. मशीन थांबवून मी म्हटलं, "आई, पुरे झालं आता. इतकी वर्षं सांगून देवाला कळत नसेल तर कधी कळणार?"

"देवाला पहिल्याच रविवारी कळलंय गं," त्या म्हणाल्या. "ह्यांना कळायला वेळ लागतोय."

"तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो की. न येऊन सांगते कुणाला?" त्या पुठ्ठ्याची घडी घालत होत्या. "कंटाळा आला म्हणून मी चूल बंद ठेवते का? तसंच आहे हे. काही रविवारी तर मला काही वाटतच नाही, पोरी. तोंडातून एक शब्द निघत नाही. डोळे मिटले की भाजी काय करायची तेच दिसतं. अशा वेळी मी नुसती पिशवी ठेवते. म्हणते, प्रभू, आज एवढंच."

मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. मी स्वतः रविवारी पुढे बसते, पंख्याखाली, कारण माझा नवरा गायकगटात आहे आणि त्याचं गाणं झालं की कुणीतरी मान डोलवावी लागते. इतकी वर्षं एकाच गोष्टीसाठी मागत राहणं माझ्यानं झालं नसतं. मी देवाला सरळ सांगितलं असतं, जमत असेल तर बोल, नाहीतर मी निघाले.

मग आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी भेटायला जागादादा आले. हे आमच्या चर्चमध्ये दाराशी उभे राहून कुणी कुठे बसायचं ते सांगतात, म्हणून जागादादा. माणूस मनानं चांगला, पण पोटात काही राहत नाही. चहा पिता पिता बोलून गेले, "तुम्ही निवांत बऱ्या व्हा हो. या रविवारी गर्दी आहे, पाहुणी मंडळी येणार आहेत. तुम्ही नाहीच आहात तर तो डुगडुगता बाक काढून मागच्या खोलीत टाकतो म्हणतो. तिथे खुर्च्या बसतील छान. कमिटीचं ठरलंच आहे, तुमच्यामुळेच अडलं होतं."

आईंच्या हातातला कप तसाच राहिला. "आणि आमची जागा?"

"अहो, खुर्चीवर बसा की ऐसपैस!"

"मी बसेन. ते कुठे बसतील?"

जागादादांनी बाबांच्या खोलीकडे पाहिलं. आतून रंध्याचा आवाज येत होता. त्यांनी दोन्ही हात जरा पसरले आणि उठले.

ते गेल्यावर आईंनी मला जवळ बोलावलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ऑपरेशनला त्या घाबरल्या नव्हत्या, डॉक्टरलाच धीर देत होत्या. पण आता त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तू बस गं माझ्या जागेवर. शेजारी पिशवी ठेव. बसलेल्या बाईला उठवायची त्या माणसाची हिंमत नाही. एवढा एक रविवार सांभाळ. बाक एकदा बाहेर गेला की गेला. मग ह्यांना यावंसं वाटलं तरी येतील कशाला? आपलं तिथे काही उरलं नाही असंच म्हणतील."

"आई, नुसता बाक आहे हो."

"हो. पण मी एवढाच धरून ठेवलाय."

मी म्हटलं, "बसते. आणि जागादादा आला तर कात्री घेऊन बसते."

शनिवारी जेवताना मी सगळा राग भांड्यांवर काढला. बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला सगळं सांगितलं: बाक काढणार, मागच्या खोलीत टाकणार, आई दवाखान्यात पडून काळजी करतात, आणि या घरात काही लोकांना त्याचं सोयरसुतक नाही. नवरा ताटात बघत राहिला. बाबांनी घास गिळला आणि म्हणाले, "सागवान आहे ते." आणि हात धुवायला उठले. सागवान म्हणे! मला वाटलं, या माणसापुढे बोलण्यापेक्षा सागवानाशी बोललेलं बरं.

रविवारी मी लवकर निघणार होते. अगदी लवकर. पण गिऱ्हाईक ही जात अशी आहे की तिला बंद दार दिसतच नाही. एक बाई कोट घेऊन उभी. नवऱ्याची उद्या परगावी मुलाखत, गाडी सकाळचीच, अस्तर उसवलं, आत्ताच्या आत्ता हवं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "द्या." घाईत बॉबिनचा दोरा गुंतला, सुई मोडली, आणि ती बाई समोर उभी राहून, "होईल ना हो? होईल ना?" बाबा सकाळीच बाहेर पडले होते. दवाखान्यात गेले असतील असं धरून चालले. नवरा तर गायकगटाबरोबर कधीच गेला होता. शेवटी कोट त्या बाईच्या हातात कोंबला आणि मी धावत सुटले. चर्चच्या फाटकाशी पोचले तेव्हा आतून पहिल्या गीताचा आवाज येत होता, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आईंची काळी पिशवी घरीच राहिली.

मला रडू यायचं बाकी होतं. एक काम सांगितलं होतं, एक!

आत शिरले. गर्दी खच्चून. मागून तिसऱ्या बाकाशी जागादादा आणि आणखी एकजण कमरेवर हात ठेवून उभे. बाक अजून जागेवर होता, पण त्यावर, आईंच्या जागेवर, कुणी पुरुष पाठमोरा बसला होता. झालं! आली पाहुणी मंडळी. मी पदर खोचला, गर्दीतून वाट काढत गेले, आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून चांगलं फैलावर घेणार तेवढ्यात माझी नजर त्याच्या कॉलरवर पडली.

कॉलरची टीप माझी होती. दुहेरी, कडेला चिकटून. अशी टीप या गावात दुसरं कुणी घालत नाही.

"बाबा?"

"उशीर केलास," बाबा मागे न बघता म्हणाले.

त्यांनी तो पांढरा शर्ट घातला होता. जुन्या मापाचा. पोटावरची बटणं नुसती जीव मुठीत धरून होती. शेजारच्या जागेवर, जिथे पिशवी असते तिथे, त्यांची हत्यारांची थैली ठेवलेली होती.

"बाबा, तुम्ही इथे कसे?"

"तुम्ही सगळे माझी जागा धरायचं बोलताय," ते म्हणाले. "तिची कोण धरणार? म्हणून आलोय. उपासनेला नाही आलो. सांगून ठेवतो."

जागादादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण कमिटीचा माणूस, कर्तव्य सोडवेना. हळूच वाकून म्हणाले, "अहो, हा बाक काढायचं ठरलंय. इथे कुणी बसत नाही."

"बसतं की."

"कोण?"

"माझी बायको. मी बसलोय ही तिची जागा."

"त्या तर दवाखान्यात आहेत. बरं, ती राहू द्या. ही थैली तरी उचला, मंडळी ताटकळत उभी आहेत. ही जागा कुणाची?"

बाबांनी थैलीकडे पाहिलं. मग जागादादांकडे पाहिलं. वीस वर्षं त्या जागेवर पिशवी होती आणि कुणी विचारलं की आई त्यांचंच नाव सांगायच्या, पण बाबांना स्वतःला हा प्रश्न कुणी केला नव्हता.

"माझी," बाबा म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की जागादादांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

"माझी आहे!" बाबा जोरात म्हणाले, नेमकं गीत संपून शांतता झाली तेव्हा. पुढच्या माना मागे वळल्या. गायकगटात माझ्या नवऱ्याचा जबडा खाली आला तो तसाच राहिला.

"एका माणसाला दोन जागा कशा देणार?" जागादादा रडवेले होऊन म्हणाले.

बाबा उठले. थैली उचलली आणि सरकून आपल्या जागेवर बसले. आईंच्या जागेवर हात आपटून मला म्हणाले, "बस. ती आली की ऊठ." मी मुकाट बसले. जागादादांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि गीतांचं एक पुस्तक आणून बाबांच्या मांडीवर ठेवलं. खुर्च्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. आणि बाक कुरकुरला.

बाबांना ते सहन झालं नसावं. इतकी वर्षं त्यांना हा आवाज दुसऱ्यांच्या तोंडून तेवढा माहीत होता. त्यांनी थैलीची चेन ओढली, ती केवढ्यानं वाजली, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते गुडघ्यांवर खाली उतरले. बाकाखाली डोकं घातलं. आधी त्यांनी तार सोडली, मग पुठ्ठ्याची घडी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली, आणि स्क्रू पिळायला लागले. कर्र. कर्र. मग टक्! पोटावरचं एक बटण सुटलं आणि घरंगळत पार मधल्या वाटेवर गेलं. मला हसू आवरेना. मी ओठ दाबून धरले, खांदे हलायला लागले. मागच्या बाकावरच्या एका बाईंना वाटलं मी रडतेय, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. पुढच्या लोकांना तर गुडघ्यांवर बसलेले बाबा तेवढे दिसत होते. कुणीतरी गहिवरून "आमेन" म्हणालं.

मी हसत होते, आणि मग माझ्या लक्षात आलं की कर्र कर्र थांबलंय.

खाली वाकून पाहिलं. स्क्रू घट्ट बसला होता. बाबांनी हत्यार जमिनीवर ठेवलं होतं. एक तळहात बाकाच्या पायावर होता आणि कपाळ बाकाच्या कडेला टेकलेलं, आईंच्या जागेला. ते तसेच राहिले. प्रार्थना संपली, लोक उठले, दुसरं गीत सुरू झालं, बाबा उठले नाहीत. मी त्यांना हलवलं नाही. माझं हसणं कुठल्या कुठे गेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता त्या बाई पाठीवरून हात फिरवत होत्या ते मला हवंच होतं.

उपासना झाल्यावर आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. आई पाय उंच करून पडल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "बाक?"

"आहे."

"पिशवी ठेवलीस?"

"विसरले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग माझ्या मागून बाबा आत आले, पांढऱ्या शर्टात, पोटावर एक बटण नाही. आईंनी डोळे उघडले आणि त्या शर्टाकडे बघत राहिल्या.

"मी बाक बघायला गेलो होतो," बाबा म्हणाले. "आणखी काही नाही."

"बरं," आई म्हणाल्या.

"कुणीतरी अडाण्यासारखी तार गुंडाळली होती. एक पाय झाला. बाकीचेही खिळखिळे आहेत. सगळ्याच बाकांचे बघावे लागतील. एका रविवारी एकच पाय होतो, उपासनेच्या आत."

"एवढे बाक, एवढे पाय," आई म्हणाल्या. "म्हणजे बरेच रविवार."

"काम म्हटलं की वेळ लागतो."

"हो ना. आणि माझी पिशवी आता ठेवू कुठे?"

"मांडीवर ठेव," बाबा म्हणाले. "नाहीतर मी धरीन." ते खाटेच्या कडेला बसणार होते, पण शर्टाचं आणखी एक बटण ताणलं गेलं, म्हणून सांभाळून उभेच राहिले आणि माझ्याकडे वळले. "सूनबाई, टेप आहे का जवळ?"

टेप माझ्या गळ्यातच होता. सकाळच्या घाईत काढायचा राहिला होता. सगळी उपासना मी टेप गळ्यात घालून बसले होते आणि कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"माप घे," बाबा म्हणाले आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले.

छातीचं घेतलं, बाहीचं घेतलं, आणि टेप पोटाभोवती आणला. आईंनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते, हसत होत्या का रडत होत्या मला कळलं नाही. तशाच भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "पोटात जरा सैल ठेव गं. आणि कापड चांगलं घे. पुष्कळ वर्षं घालायचाय."